बंद इस्पितळात भेटीची वेळ

चारचौघांत मला मान खाली घालायला लावण्याची कला माझ्या साडूंना जितकी साधली आहे, तितकी अख्ख्या बंगळुरात कुणाला साधली नसेल. मी पडक्या घरांचे खिळे उपटण्यापासून सुरुवात करून जुन्या लाकडाची स्वतःची वखार उभी केलेला माणूस आहे. कंत्राटदार असो की बँकेचा साहेब, कुणापुढे माझी नजर झुकली नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या या यजमानांनी मात्र ती वारंवार झुकवली. विमा कचेरीतून निवृत्त होऊन ते मल्लेश्वरमला राहतात आणि ओसाड जागांचे फोटो काढत हिंडतात. बंद पडलेली थिएटरं, कुलूपबंद शाळा, गवतात बुडालेले बंगले. माणूस दिसला की कॅमेरा खाली. माझ्या मुलीच्या लग्नात ठरवलेला फोटोग्राफर ऐनवेळी आला नाही, म्हणून मी विश्वासाने ते काम यांच्यावर सोपवलं. मुहूर्ताला हे गायब! कार्यालयामागच्या बंद स्वयंपाकघरात गंजलेल्या चुलीसमोर उकिडवे बसलेले सापडले. वर व्याह्यांच्या देखत मला म्हणतात, "नवरानवरी काय, जन्मभर दिसणार आहेत, अण्णा. ही चूल पुढच्या महिन्यात नाही दिसायची."

लग्नातलं मी सोसलं, धंद्यातलं सोसवलं नाही. आमच्या धंद्यात माल आवडला हे आपल्या डोळ्यांनासुद्धा कळू द्यायचं नसतं. दाराला हात लावायचा तोही नाक मुरडून. बसवनगुडीत एक जुनं घर उतरवणार होते. तिथली चौकट पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण मी मालकाला तासभर पटवत होतो की ही चौकट फक्त बंब पेटवायच्या कामाची. मालक पटत आला होता. तेवढ्यात फोटो काढायला म्हणून बरोबर आलेले आमचे साडू हात जोडून चौकटीपुढे उभे राहिले. "अण्णा, असं कोरीवकाम मी जन्मात पाहिलं नाही हो! वा!" मालकाची पाठ एकदम ताठ झाली. ती चौकट दुसऱ्याने नेली. त्या दिवसापासून मी साडूंशी बोलणं टाकलं. सणाला समोरासमोर आलो तरी मी पेपर वाचत बसायचो.

आणि मग ते इस्पितळ विकायला निघालं. कँटोन्मेंटकडचं, दगडी, उंच छताचं, कित्येक वर्षं बंद. आत बर्मा टीकची दारं आहेत हे सगळ्या वखारवाल्यांना ठाऊक होतं. पण तिथल्या शेवटच्या डॉक्टरीणबाई आणि मालकीण, ज्यांना सगळे अम्मा म्हणत, त्या व्यापाऱ्यांना फाटकाच्या आत घेत नसत. "तुमचे साडू तर दर आठवड्याला जातात तिथे," आमची ही म्हणाली. "जा आता, धरा त्यांचे पाय." मला धंदा वाढवायचा होता. गेलो. एवढ्या दिवसांचा अबोला, पण त्यांनी साधा टोमणासुद्धा मारला नाही. म्हणाले, "सरी, ठीक आहे, उद्याच जाऊ. पण चारनंतर. भेटीची वेळ चार ते सहा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी. मी म्हटलं, "हे कुणाला? आत पेशंट आहे का कोणी?" तर म्हणाले, "इस्पितळात रिकाम्या हाताने जातं का कोणी, अण्णा?" मोसंबी वॉचमनला मिळायची आणि तो उठून फाटक उघडायचा. आत शिरल्यावर तर मला कुठे तोंड लपवू असं झालं. प्रत्येक रिकाम्या वॉर्डच्या दारावर टकटक करून हे आत जाणार. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चपला काढणार. एक उलटी पडलेली खुर्ची मी सरळ करायला गेलो, तर माझा हात धरला. "असू दे. जशी पडली तशी काढू." लोखंडी खाटांच्या रांगेवर तिरपं ऊन आलं होतं. ते गुडघ्यावर बसून फोटो घेत होते, मी नजरेने दारं मोजत होतो, आणि मागे उभा वॉचमन मला विचारत होता, "तुम्ही पण असेच का, सार?"

अम्मा बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आत फिरवत नव्हतं. मी नेहमीचा सूर लावला. लाकूड फुगलंय, कड्या सडल्यात, खालून वाळवीने खाल्लंय. "बाळंतिणींच्या खोलीचं दार तर बघवत नाही, अम्मा. तळाला खड्डा पडलाय." अम्मांचा चेहरा उतरला. सौदा जमत आला होता.

"नाही अण्णा, वाळवी नाही!" साडू आनंदाने पुढे आले. मला दिलासा देत होते. "तुम्ही उगाच घाबरलात. हे पाहा, मी जवळून काढलाय." त्यांनी कॅमेऱ्यात तो फोटो मोठा केला. अम्मांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहत राहिल्या आणि कानडीत मला म्हणाल्या, "हात धुतलेले असायचे. दाराला लावता यायचे नाहीत. आम्ही पायाने ढकलायचो. ही वाळवी नव्हे, आमच्या चपला आहेत."

माझा ताबा सुटला. अम्मांवर ओरडता येत नव्हतं, म्हणून साडूंवर ओरडलो. "अक्कल आहे का तुम्हाला? कुठे काय बोलावं कळत नसेल तर घरी बसा! जिथे जाल तिथे माझं नुकसान!" व्हरांडा दणाणला. वॉचमन मोसंबं सोलायचा थांबला.

"हळू," अम्मा म्हणाल्या. "इस्पितळ आहे."

मग त्यांनी साडूंकडे बोट केलं. "दारं यांच्याकडे बघून देते. भाव यांनीच सांगावा."

साडूंचे कान लाल झाले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णा सांगतील तोच भाव योग्य, अम्मा. ते खोटं बोलत नाहीत. आत अंधार आहे, त्यांना नीट दिसलं नसेल."

मी भाव सांगितला. आधी मनात होता त्यापेक्षा बरा, पण खरा नव्हे. अम्मांनी मान हलवली. परतताना रिक्षात साडू म्हणाले, "एवढं चिडू नका अण्णा, बीपी वाढतं." मी बाहेरची दुकानं बघत राहिलो.

आता मी त्यांना आपणहून बरोबर नेतो. हिला वाटतं, माणूस सुधारला. परवा मल्लेश्वरममध्येच एक शिसवी जिना पाहायला गेलो. असा जिना की माझेसुद्धा पाय खालीच थबकले. मी साडूंकडे पाहिलं. कठड्यावर त्यांनी अलगद हात ठेवला होता, डोळे भरून आले होते. मालक आमच्या तोंडाकडे बघत होता. मी वाट पाहत होतो. साडूंनी हात काढला, नाक मुरडलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "ठीक आहे. पण स्वल्प किडलाय."

मालकाने तिथल्या तिथे भाव उतरवला. बाहेर आल्यावर साडूंनी माझी बाही ओढून हळूच विचारलं, "बरोबर बोललो ना, अण्णा?"

मी हो म्हणालो, आणि रस्ता ओलांडून होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.