साडूंनी सांगितलेला दर

आमच्या साडूंइतका धंद्याला निरुपयोगी माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचा विद्यार्थी असेल. रहिमतपुरात ते कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. मी तासगावात बेदाणा विकतो. सातवीत शाळा सोडून मी द्राक्षाच्या पेट्या उचलायला लागलो आणि आज माझं स्वतःचं शेड आहे, पण मेढ्याला सासरी गेलं की पहिलं ताट साडूंना. सासरे म्हणतात, "त्ये शिकलेलं हायेत." न शिकलेल्या जावयाचा बेदाणा हेच सासरे वर्षभर फुकट खातात, ते सोडा.

साडूंना बाजारात नेऊ नये. भाजीवाली दर सांगते आणि हे पाकीट काढतात. एकदा मी घशाला कोरड पडेस्तोवर घासाघीस करून मेथीची जुडी निम्म्यावर आणली होती. तेवढ्यात हे मागून वाकून म्हणाले, "मावशी, येवढ्यात परवडतं का तुमाला?" मावशीला एकदम आठवलं की परवडत नाही, आणि जुडी होती त्या भावावर परत जाऊन बसली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे जावास्क्रिप्ट. वेबसाइटला कामाला लावायची ती भाषा आहे, एवढं मला कळलंय, तेही न विचारता. मेव्हण्याच्या लग्नात पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या, लोणचं वाढून झालं आणि भात यायचा होता. एवढा वेळ मोकळा मिळाल्यावर साडू गप्प बसतात होय! उठून उभे राहिले. "बगा मंडळी, मशीन काम सुरू करायच्या आधी सगळा मजकूर नजरेखालनं घालतं, आन् जेवढी नावं दिसतील तेवढ्या पत्रावळ्या मांडून मोकळं होतं. भात मातुर वाढपी त्या ओळीपाशी पोचंल तवाच. नाव 'व्हार' म्हणून मांडलं आसंल आन् तुमी आधीच हात घातला, तर मशीन रागवत न्हाई. नुसतं म्हणतं, अनडिफाइन्ड. म्हंजे पत्रावळ हाय, भात न्हाई."

"आन् रागावतं कवा?" सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं.

"'लेट' म्हणून मांडलं आसंल तर. जागा धरलेली आसती, पण वाढायच्या आधी हात लावला की काम तिथंच ठप्प." असं म्हणून त्यांनी वाढप्याची पळी घेतली आणि माझ्या हातावर मारली. सगळी पंगत हसली. अहो, मी लोणच्याला हात लावत होतो, आणि लोणचं वाढून झालेलं होतं! त्यांच्याच नियमानं मला मुभा होती. मी ते ओरडून सांगितलं, पण शिकलेल्या माणसाविरुद्ध पंगतीत कुणी साक्ष देत नाही.

अशा माणसाकडून मी बेदाण्याची वेबसाइट करून घेतली. इंदूरचे एक शेठ दलाल न घालता थेट माझ्याकडून माल घ्यायच्या विचारात होते. ते गिऱ्हाईक लागलं की मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं. आणि साडूंनी काय करावं? पहिल्याच ओळीत दर लिहिला. मी भडकलो. सौद्यात आधी माल तळहातावर घोळवायचा, गिऱ्हाइकाला चघळू द्यायचा, चहा पाजायचा. दर सगळ्यात शेवटी.

"दराची ओळ तळाला न्या," मी म्हणालो.

"आवं साडूभाऊ, पान दाखवायची ओळ वर हाय. दर तिच्या खाली गेला तर तिला घावायचा कुठनं?"

"घावतो. आमच्या धंद्यात घावतो."

त्यांनी मान हलवली आणि रहिमतपूरची एसटी पकडली. मग मीच ती ओळ उचलून तळाला नेली. पान पांढरं फटक. तिथं 'लेट' लिहिलेलं दिसलं. पळीचा मार मी विसरलो नव्हतो. 'लेट' खोडून 'व्हार' केलं. पान झकास उघडलं! वर द्राक्षाचा घड, खाली माझं नाव. मी लगेच शेठना पाठवून दिलं. दरापुढे काय उमटलंय ते मी वाचलं नाही. स्वतःचा दर कोण वाचत बसतं? तिथं उमटलं होतं, "आजचा दर : अनडिफाइन्ड."

शेठनी पानावरच्या नंबरला फोन केला. तो नंबर साडूंच्या क्लासचा. आता माझे दर दोन असतात, एक सांगायचा आणि एक घासाघीस झाल्यावर माल सोडायचा. सोडायचा दर फक्त माझ्या बायकोला ठाऊक, म्हणजे तिच्या बहिणीलाही ठाऊक, म्हणजे साडूंनाही. त्यांनी शेठना तोच सांगितला. पहिल्या झटक्याला!

"त्येंनी इचारलं, मी सांगितलं," साडू म्हणाले. "खोटं कशापायी बोलायचं?"

"पहिला दर म्हणजे खोटं नव्हे!" मी शेड दणाणून सोडलं. "ती रीत आहे!"

शेठनी घासाघीस न करता सगळा माल उचलला. तेव्हापासून दर हंगामात ते क्लासला फोन करायचे, माझ्या मालाचा दर माझ्या साडूला विचारायचे आणि गाडी पाठवायचे. हा राग मी अजून जपून ठेवलाय.

यंदा साडूंनी क्लास बंद केला. मुलगी बंगळूरला असते, तिनं दोघांना बोलावून घेतलं. जाताना त्यांनी दराची ओळ पुन्हा वर नेली, 'लेट' केलं आणि क्लासचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आता फोन तुमीच उचला. तिकडं मला काय करमायचं न्हाई, पण त्ये ऱ्हाऊ द्या."

हंगाम सुरू झाला आणि पानावरचा दर न बघता, सवयीनं शेठचा फोन आला. "मास्तर नाहीत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "बरं, दर बोला."

माझ्या जिभेवर सांगायचा दर आला होता. का कोण जाणे, मी सोडायचाच सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा.

शेठ हसले. "आता खरा बोला."

"खराच आहे, शेठ."

"मास्तर बोलले असते तर गाडी पाठवली असती. तुम्ही व्यापारी माणूस. बोला, किती सोडता?"

सोडायला मी काही ठेवलंच नव्हतं. शेडमधल्या बायका बेदाणा निवडायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, मी आता ओरडणार.

"थांबा शेठ," मी म्हणालो, "साडूंना लाइनवर घेतो."