हातावरचं दही

नव्वदच्या दशकात मी रोह्याला एका कंपनीत होतो आणि शिफ्ट सांभाळून वरसे गावात आमच्या सरांच्या योगवर्गात मदतनीस म्हणून जायचो. सरांना इंग्रजी येत नसे. त्यामुळे पोलंडहून शिकायला आलेल्या बाईंची जबाबदारी माझ्यावर पडली. बाई चाळिशीच्या, शिवणकाम करणाऱ्या. परत गेल्यावर त्यांना आपल्या गावात बायकांसाठी वर्ग काढायचा होता, तसा त्यांनी शब्दही देऊन ठेवला होता. त्यासाठी सरांच्या सहीचा कागद हवा होता, शिकवण्याची परवानगी देणारा. तीन महिने त्या त्यासाठी राबल्या. निघताना तो कागद त्यांच्या पिशवीत नव्हता, आणि याला कारण मी होतो.

शेवटच्या आठवड्यात सरांनी त्यांच्याकडून शंखप्रक्षालन करून घेतलं. कोमट मिठाचं पाणी पीत, आसनं करत आतडी धुऊन काढायची ही क्रिया. मीठ आमच्याच घरचं, पेणजवळच्या मिठागरातलं. त्यानंतर काही दिवस फक्त मुगाची खिचडी आणि तूप. दूध, दही, आंबट, तिखट सगळं बंद.

"पथ्य तुझ्या भरवशावर," सर मला म्हणाले होते.

दोन दिवसांनी आईने बाईंना पेणला आमच्या घरी बोलावलं. आम्ही खिचडीचा डबा घेऊनच गेलो. तो बघून आई माझ्यावर उखडली.

"पाहुणीला डबा बांधून आणलास? आमच्या चुलीला आग नाय काय रे?"

मी क्रियेचं सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही, पण तिने तीच खिचडी गरम करून वाढली. बाई मांडी घालून जेवल्या. शेजारणी दारातून बघत होत्या. एक म्हणाली, "मांडी बघा गो कशी घातलीय! आपल्या सुनांना जमत नाय." आई हसली. मला वाटलं, निभावलं.

निघताना आई आतून वाटी घेऊन आली. आमच्याकडे लांब जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही ठेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. घरात दुभतं जनावर नव्हतं. विरजण आणि दूध दोन्ही मागून आणून तिने दही लावलं होतं.

"लांब चाललीस गो पोरी. हात कर."

बाईंनी हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे चालेल का?" असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

मला सगळं ठाऊक होतं. आईला दोन शब्दांत थांबवता आलं असतं. पण शेजारणी उभ्या होत्या. निघत्या पाहुणीने दही नाकारलं तर आईचा चेहरा पडेल, आणि मास्तरकी करणारा पोरगा घरचं अन्नही विटाळ मानतो असं बोलतील, याची मला भीती वाटली.

"थोडं चालतं," मी म्हणालो.

त्यांनी खाल्लं. आईने आणखी एक चमचा घातला, तोही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. उलट्या, कळा. त्यापुढच्या सकाळी त्यांनी सरांसमोर गावातल्या बायकांचा वर्ग घ्यायचा होता, तीच परीक्षा. त्यांना उभंही राहवेना.

सरांनी विचारलं, "पथ्य मोडलं?"

मी भाषांतर केलं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हो. चूक माझी."

"जो स्वतःचं पथ्य सांभाळत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार? कागद मिळणार नाही, असं सांग तिला."

आणि मी ते सांगितलं. शुद्ध इंग्रजीत, एकही शब्द न गाळता. माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला पेजेचा पेला होता, तो तसाच राहिला.

दोन दिवसांनी मी त्यांना मुंबईच्या एसटीने पोचवायला निघालो. पेण स्टँडवर आई पोह्याचे पापड घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात तीच वाटी. मी खिडकीतून पापड तेवढे घेतले. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, दही घेतलं, ओठांना नुसतं लावलं आणि मूठ मिटली.

गाडी सुटल्यावर मला म्हणाल्या, "आईला सांगू नका." मग रुमालाने हात पुसला.

त्यांना विमानतळावर सोडून मी तडक वरशाला आलो आणि सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी कागद लिहिला, सही केली.

"हा तिला पाठव. बरोबर तुझं पत्र लिही, काय झालं ते सगळं. आणि तुझा शिकवण्याच्या परवानगीचा कागद भिंतीवरून उतरवून आण. वर्षभर तू शिकवायचं नाहीस. क्रियेचं पाणी तापवायचं."

मी वर्षभर पाणी तापवलं. मीठ घरूनच आणत होतो.

बाईंचं उत्तर आलं. कागद पोचला होता. पण त्याआधीच त्यांनी बायकांना सांगून टाकलं होतं, "मला परवानगी नाही, मी अजून शिकतेच आहे." तरीही वर्गाला चौघी आल्या होत्या. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

पत्रातली खुशाली मी आईला वाचून दाखवली. ती पापड लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझं दही खाऊन गेली, म्हणून सुखरूप पोचली बघ."

"व्हय," मी म्हणालो.