जाहिरात मांद्र्याची, गिऱ्हाईक सर्वणला

डिचोली भागातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी एका खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. ट्रकांच्या फेऱ्या लिहायचं काम होतं. ट्रक थांबले तेव्हा लिहायला काही उरलं नाही. खाणी आज सुरू होतील, उद्या सुरू होतील, अशी सगळा तालुका वाट बघत होता, म्हणून मीही बघितली. शेवटी बायको म्हणाली, "वाट बघायला घरात तुम्ही एकटे पुरे आहात. मी खानावळ काढते."

आमचं घर सर्वणला. घराला लागून कुळागर, त्यात माडपोफळी, आणि खाली भाजीचं शेत. ते सगळं मोठा भाऊ आणि वहिनी बघतात. सर्वणला खानावळीत जेवायला कोण येणार, म्हणून आम्ही मांद्र्याला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाशेजारी एक जागा भाड्याने घेतली. मांद्र्याला मासे सगळेच वाढतात. बायकोने ठरवलं की आपण भाजीचं जेवण वाढायचं. अळसांद्यांचं, म्हणजे चवळीच्या दाण्यांचं, तोंडाक, सगळ्या भाज्या एकत्र घातलेलं खतखतं, नाचण्याची भाकरी, सोलकढी. हे सगळं ती लग्न होऊन आल्यावर वहिनीच्या हाताखाली शिकली होती. भाजी सर्वणहून यायची. मी स्कूटरवर पुढे पोतं ठेवून घेऊन यायचो.

जेवायला टॅक्सीवाले यायचे, गेस्टहाऊसच्या बांधकामावरचे सिंधुदुर्गातले गवंडी यायचे, औषधाच्या दुकानाचा मालक यायचा. पर्यटक दारावरून जायचे. आत डोकावायचे, पंख्याकडे बघायचे आणि पुढे जायचे.

माझी भाची पणजीला एका जाहिरातीच्या ऑफिसात आहे. ती एकदा जेवायला आली आणि हात धुताना म्हणाली, "मामा, जेवण चांगलं आहे म्हणून कोणी येत नाही. आधी कोणीतरी सांगावं लागतं की चांगलं आहे."

"टॅक्सीवाले सांगतात की."

"टॅक्सीवाल्यांना किती लोक फॉलो करतात?"

तिच्या ओळखीची एक मुलगी होती, फिरून खाण्याचे व्हिडिओ करणारी. इन्फ्लुएन्सर. हॉटेलवाले तिला बोलावतात, ती जेवते, रील टाकते, मग लोक येतात. भाचीच्या शब्दासाठी ती येण्याजाण्याच्या खर्चात आणि जेवणात तयार झाली.

मला वाटलं होतं कोणी नटवी बाई येईल. आली ती कुडीने बारीक, डोळ्यांखाली काळं झालेली, स्वतःचं स्टँड स्वतः खांद्यावर घेऊन. गाडीत बसून तिने कपडे बदलले. बायकोने गरम पान वाढलं. मुलीने ते आधी खिडकीशी नेलं, मग दाराशी, मग बाहेर पायरीवर. खतखतं गार झालं. बायको मला हळूच म्हणाली, "ही जेवणार कधी?"

मुलीने आमच्या भिंतीच्या पांढऱ्या फरशा बघितल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या बघितल्या, आणि विचारलं, "काका, ही भाजी कुठून येते?"

मी म्हणालो, "सर्वणहून. आमच्या घरून."

"तिथे जाता येईल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला सर्वणला घेऊन गेलो. म्हापसा, अस्नोडा करत तासाभरापेक्षा जास्तच वेळ लागतो. वहिनीला फोन करायचा राहून गेला होता. ती चुलीपुढे होती. मुलीला बघून तिने बायकोला विचारलं, "कोणाची गो ही? स्थळ बघायला आणलीस?" आमच्या घरात लग्नाचं कोणी नाही, हे तिला माहीत होतं, तरी विचारलं.

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. चुलीच्या वर जुनं जनेल, म्हणजे खिडकी, आहे, त्यातून सकाळचं ऊन आडवं येतं. वहिनी तिरफळं ठेचत होती, तो हात मुलीने कितीतरी वेळ टिपला. मग वहिनीने सांगितलं, "ते ठेव आता. पान वाढलंय." मुलीने फोन खरंच ठेवला. भात दोनदा मागून घेतला. मांद्र्याला तिने एवढं खाल्लं नव्हतं.

रील आलं ते आम्ही भाचीच्या फोनवर बघितलं. सुरुवातीला आमच्या खानावळीचा बोर्ड लकाकून गेला. त्यानंतर सगळी वहिनी. चूल, जनेल, ऊन, तिरफळं, केळीचं पान, पोफळीतून जाणारी वाट. खाली ठिकाणाचं नाव होतं सर्वण, डिचोली.

"मामा, मस्त झालंय," भाची म्हणाली.

"मी कुठे आहे?" बायकोने विचारलं.

भाचीने रील मागे नेऊन थांबवलं. एका कोपऱ्यात वाढायची डवली धरलेला हात होता. "ही तू, मामी."

बायकोने हात ओळखला आणि कामाला लागली.

पहिल्या रविवारी जेवणाच्या वेळेला दादाचा फोन आला. दादा फोनवर कमी बोलतो. म्हणाला, "कोण लोक आलेत. गाडी घेऊन. जेवण मिळतं का विचारतात."

मी म्हणालो, "ते आमचे असणार. त्यांना मांद्र्याला पाठव."

"मांद्र्याहूनच आलेत."

"काय?"

"मांद्र्याला उतरलेत म्हणतात. ठिकाण शोधत हांगा आलेत."

मी विचारलं, कुठल्या हॉटेलात उतरलेत. दादाने त्यांना विचारून सांगितलं. ते हॉटेल आमच्या खानावळीपासून हाकेच्या अंतरावर होतं.

"मग आता?"

"आता काय. तुझ्या वहिनीने पानं मांडली."

जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला परत पाठवायची आमच्या घरात रीत नाही. ही रीत पडली तेव्हा रील नव्हतं.

त्यानंतर गाड्या येतच राहिल्या. पुण्याच्या, बेळगावच्या, बंगळूरच्या. भाचीने रीलखाली लिहिलं की खानावळ मांद्र्याला आहे, सर्वणला फक्त घर आहे. कोणी वाचलं नाही. मग मी बोर्ड रंगवून घेतला, 'हे घर आहे. खानावळ मांद्रे येथे', आणि तो सर्वणच्या वाटेवर लावून आलो. लोक बोर्डाशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि आत जायचे. ज्या घराबाहेर असा बोर्ड आहे तिथलं जेवण खरं असणार, असं त्यांना वाटत असावं.

भाजी सर्वणलाच संपायला लागली. मी स्कूटर घेऊन जायचो तेव्हा दादा शेताकडे बोट दाखवायचा, बस. मी म्हापशाच्या बाजारातून भाजी आणायला लागलो. एका टॅक्सीवाल्याने जेवता जेवता विचारलं, "आज चव वेगळी का?" बायको आतून म्हणाली, "सर्वणला जा. तिथे जुनी चव मिळते." तो हसला. ती हसली नव्हती.

मी त्या मुलीला फोन केला. रागावलो नाही, फक्त विचारलं की ठिकाण सर्वणचं का टाकलं.

ती म्हणाली, "काका, खोटं कसं बोलू? तुमच्याकडे जेवण चांगलं होतं. पण दाखवायला काही नव्हतं. लोक फोनवर चव घेत नाहीत, बघतात."

"पण खानावळ आमची आहे."

"हो. चूक झाली माझी. दुसरं रील करते, फुकट."

तिने केलं. स्टँड घेऊन परत आली, पांढऱ्या फरशांसमोर बायकोला उभं केलं, बायकोला बोलायलाही लावलं. बायको सरकारी कचेरीत साक्ष द्यावी तशी बोलली. ते रील कोणी फारसं बघितलं नाही. तेवढ्यातही खाली कोणीतरी विचारलं होतं, 'त्या चुलीवाल्या मावशी कुठे आहेत?'

सर्वणला वेगळाच पेच पडला होता. जेवलेली माणसं पैसे द्यायला बघायची. दादा घ्यायचा नाही. "घरात वाढलेल्या पानाचे पैसे घेतले असं गावात बोलतील," म्हणायचा. माणसं त्याच्याशी वाद घालायची नाहीत, पैसे देवासमोर ठेवून जायची. देवासमोरचे पैसे दादाला परत करता येत नव्हते आणि खर्चही करवत नव्हते. नार्व्याच्या देवळात नेऊन टाकावेत असं त्याने एकदा बोलून दाखवलं. वहिनी म्हणाली, "देवाने लाकडं फोडली नाहीत."

तेव्हापासून गाडीचा आवाज आला की दादा मागच्या दाराने कुळागरात जायचा. एका पाहुण्याने त्याला पोफळीखाली कोयता घेऊन उभा असलेला बघितलं आणि विचारलं, तुम्ही इथे कामाला आहात का? दादा म्हणाला, हो. पाहुण्याने विचारलं, किती वर्षं? दादा म्हणाला, "जन्मल्यापासून." पाहुण्याला फार वाईट वाटलं. घरात येऊन त्याने वहिनीला सांगितलं की त्या म्हाताऱ्याला जरा आराम देत जा.

एका रविवारी बायकोने मांद्र्याची खानावळ बंद ठेवली आणि म्हणाली, "मला सर्वणला जेवायचंय." मला वाटलं आता भांडण होणार. दोघी जावांचं आजवर कधी वाजलं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा पडवीत पंगत बसलेली होती, सगळी अनोळखी माणसं. बायको आत गेली नाही. त्या माणसांच्या शेवटी जाऊन बसली. वहिनी वाढत आली, तिला बघून थबकली, आणि पान मांडलं. बायकोने खतखतं चाखलं. मग तोंडाक. सावकाश, डोळे मिटून, जशी ती मीठ बघते तशी. शेजारच्या बाईने तिला विचारलं, "फर्स्ट टाइम?" बायकोने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

माणसं गेल्यावर दोघी भांडी घासायला मागे बसल्या. मी जनेलाच्या अलीकडे होतो, ऐकू येत होतं.

वहिनी म्हणाली, "रागावलीस?"

"तुमच्यात आणि माझ्यात चवीचा काही फरक नाही," बायको म्हणाली. "तेवढं बघायला आले होते."

"फरक कसा असणार? मीच शिकवलं."

"मग लोक तुमच्याकडे का येतात?"

"मला काय माहीत." वहिनीने टोप पालथा घातला. "पण खरं सांगू? येतात ते मला बरं वाटतं. या घरात आल्यापासून रांधते. ह्यांना मीठ जास्त झालेलं कळतं, तेवढंच. कोणी जेवून चांगलं झालं म्हटलेलं मला आठवत नाही. परवा पुण्याची एक बाई माझा हात धरून बसली. मला वाटलं, चक्कर आली हिला."

बायको भांडी घासतच राहिली. भांड्यांचा आवाज होत होता. मग म्हणाली, "मी एवढी वर्षं जेवले. मी कधी म्हटलं नाही."

"तू कशाला म्हणशील? तू घरची."

"चांगलं झालं होतं आज," बायको म्हणाली.

वहिनीने पुढचा टोप घासायला ओढला. जरा वेळाने तिने विचारलं, "तोंडाक जरा तिखट झालं का?"

"जरा."

"मलाही वाटलं."

त्या दिवशी दोघींनी मिळून जे ठरवलं ते आम्हा भावांना जेवताना कळलं. सर्वणला शनिवार-रविवार पंगत. आधी सांगेल त्यालाच पान. पैसे ठरलेले, देवासमोर कोणी काही ठेवायचं नाही. त्या दोन दिवशी बायको सर्वणला जाणार. दादाने सगळं ऐकलं, हात धुतले आणि म्हणाला, "माझं जेवण कुळागरात पाठवा." तो अजून तयार झालेला नाही. लाकडं मात्र फोडून ठेवतो.

मांद्र्याची खानावळ चालू आहे. शनिवार-रविवार मी रांधतो. त्या दोन दिवशी टॅक्सीवाले पोई, म्हणजे इथला पाव, आणि ऑम्लेट खातात आणि तक्रार करत नाहीत, कारण तक्रारीचा उपयोग नाही हे त्यांना दिसतं.

भाचीने ऑफिसात आमचं उदाहरण यशस्वी कामांत दाखवलं. त्यामुळे हल्लीच तिने एका माणसाला माझ्याकडे पाठवलं. त्याचं मोरजीकडे नवीन रेस्टॉरंट आहे, मोठं, दिव्यांच्या माळा वगैरे. त्याला इन्फ्लुएन्सरवर पैसा घालायचा होता आणि आधी अनुभवी माणसाचं मत पाहिजे होतं. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने विचारलं, "खरं सांगा, गिऱ्हाईक येतं का?"

मी म्हणालो, "येतं."

"म्हणजे फायदा होतो."

"होतो. पण कोणाचा होईल ते आधी सांगता येत नाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसं. त्याने लक्ष देऊन ऐकलं. दादा कामाला असल्याचं ऐकून हसलाही. थोडा वेळ रस्त्याकडे बघत विचार करत बसला. मग म्हणाला, "तुमच्या वहिनी आमच्याकडे येतील का? चूल आम्ही बांधून देऊ. जनेलसुद्धा."

मी म्हणालो, विचारून बघतो. वहिनीला विचारलं तेव्हा ती हळद निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्याला सांग, शनिवारी ये. आधी फोन कर."