पाहुण्यांआधी उचललेलं खत

पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर माझी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे, चुलतभावाच्या घराला अगदी खेटून. पिलं, खाद्य, औषधं कंपनीची. जागा आणि राबणं माझं. माश्या मात्र भावाच्या घरात. वहिनी हसत टोमणा मारायच्या, "भावजी, कोंबड्या कंपनी नेती, माश्या कोन नेनार?" मीही हसायचो. दुसरं काय करणार?

यंदा त्यांच्या मुलीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. वहिनी बांधावर आल्या, त्या दिवशी हसल्या नाहीत. "मागचं स्थळ चहा न घेताच उठलं. एवढा रविवार सांभाळा."

मी कंपनीच्या सुपरवायझरला फोन करून नवी पिलं चार दिवस उशिरा पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पिलं अंड्यातून भायेर आल्यावर थांबत्यात व्हय? सोमवारी गाडी येनार. शेड साफ पायजे."

साफ करायची म्हणजे खाली साचलेलं कोंबडखत उचलायचं. वरची खपली सुकलेली असते, खाली ओल आणि अळ्या. ते खत हललं की माश्या उठतात आणि जवळचं घर गाठतात. शेड चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मलाही होतं. तरी, साफ केलेली शेड सुकायला एक दिवस लागतो म्हणून, शनिवारीच मी फावडं घातलं. वहिनींना वाटलं, त्यांच्यासाठीच साफसफाई काढलीय. "देव तुमचं भलं करो," म्हणाल्या. मी मान डोलावली.

रविवारी मीही त्या बैठकीत होतो. पोह्यांच्या बशा आल्या आणि माश्यांनी काळ्या झाल्या. मुलाच्या आईनं पदरानं बशी झाकली, मग तशीच खाली ठेवली. मुलगी ट्रे धरून उभी होती. एका हातानं माश्या वारत होती, तर ट्रे कलंडत होता.

"रोजच असं असतं का हो?" त्या बाईनं विचारलं.

मी माझ्या बशीवरून हात फिरवत राहिलो.

"कळवतो," म्हणून पाहुणे गेले. कळवलं नाही.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार? आमच्यासाठीच केलं ना." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारच्या गाडीसाठी केलं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. वहिनी भर उन्हात खिडकीला हिरवी जाळी ठोकत होत्या, मुलगी खालून खिळे देत होती. मदतीला जावंसं वाटलं. पण पिलं उन्हात तग धरत नाहीत. मी खोके उतरवत राहिलो.