गोळीआधीची सून

लग्न होऊन बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मी चारचौघींसारखी होते. कामाला फार चपळ नव्हते आणि आळशीही नव्हते. दोन-तीन वर्षांनी मात्र अंगात काहीतरी संचारलं. गजर व्हायच्या आधीच डोळे उघडायचे. सगळ्यांचे डबे भरून, कपडे वाळत घालून मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात जायचे. तिथे तयार पँटींचे सुटे धागे कापायचे, शिलाई तपासायची. शेठ म्हणायचा, "तुझ्यासारख्या अजून दोघी आण, बाकी सबको छुट्टी देतो."

घरी येऊन स्वयंपाक, भांडी आटोपली तरी अंगात रग उरायची. मग मी माळे साफ करायचे, डबे घासायचे. चार-चार भाकऱ्या खायचे, तरी ब्लाउज सैल होत चालले होते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून म्हणजे मशीन आहे." नवरा ते ऐकून खूश व्हायचा. मीही व्हायचे. वाटायचं, हे माझं प्रेम आहे, माझे संस्कार आहेत.

छाती धडधडायची ते कुणाला सांगितलं नाही. चिडचिड वाढली होती, पण कमावत्या आणि राबत्या बाईची चिडचिड घर चालवून घेतं.

एकदा कारखान्यात हात थरथरला आणि कात्री तळव्यात घुसली. नवरा अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. टाके घातल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरा हात पुढे करा. बोटं पसरा." त्यांनी बोटांवर साधा कागद ठेवला. तो फडफडत राहिला.

"झोप लागते?"

"फारशी नाही."

"अशक्तपणा वाटतो का?"

नवराच बोलला, "छे हो, हिच्याइतकं काम कोणी करत नाही."

त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "थायरॉईड गरजेपेक्षा कितीतरी जास्त हार्मोन सोडतोय. ते तुम्हाला रात्रंदिवस पळवतंय. असंच चाललं तर हृदय थकेल."

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत धडधड थांबली, झोप लागायला लागली. इतकी शांत झोप मी विसरूनच गेले होते. अंगावर थोडं मांस चढलं. कामं होत होती, पण एक झालं की बसावंसं वाटायचं. माळ्याकडे बघायचीही इच्छा होईना.

सासूबाई म्हणाल्या, "औषधानं पोरीला सुस्त केलं." पुढच्या तपासणीला नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही आधीसारखी कधी होणार?"

"त्या आता बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"पण आधी तर—"

"आधी त्या आजारी होत्या."

विकत घेतलेल्या वस्तूत खोट निघावी तसं परतताना रिक्षात त्याचं तोंड झालं होतं.

मग नणंदेचं लग्न ठरलं. खरवईला हॉल घेतला. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज मऊ होता. "लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेव ना. तुझ्याशिवाय कोण निभावणार?" मी दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "थोड्या दिवसांत काय होतंय," तो म्हणाला.

मी बंद ठेवल्या. मलाही ती वीज परत हवी होती, हे खोटं कशाला बोलू? काही आठवड्यांत ती आली. रुखवत, आहेर, पाहुण्यांची सरबराई, सगळं मी ओढलं. नातेवाईक म्हणत होते, सून असावी तर अशी. नणंदेची पाठवणी होताना माझं हृदय ताल सोडून धावायला लागलं. श्वास घेता येईना. मी हॉलच्या पायऱ्यांवर बसले ती उठलेच नाही. तिथून दवाखाना. बरेच दिवस आयसीयूत काढले.

शुद्धीवर आल्यावर नवरा जवळ बसला होता. म्हणाला, "सगळे तुझं कौतुक करून गेले."

मी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या माणसांनी कौतुक केलेली बाई कोण, हे मला तेव्हा नीट कळलं. तिच्या जिद्दीचं, तिच्या मायेचं श्रेय मी इतकी वर्षं स्वतःकडे घेत होते. निम्म्याहून जास्त ते गळ्यातल्या मूठभरही नसलेल्या एका ग्रंथीचं होतं. उरलेलं किती माझं, ते मला आजही सांगता येत नाही. घरातल्या लोकांना मात्र ते वेगळं करून बघायची गरजच नव्हती. काम होत होतं, तेवढं पुरे होतं.

आता गोळी रोज सकाळी सगळ्यांसमोर घेते. कारखाना सुटला. भांड्यांना बाई लावली आहे, त्यावरून सासूबाई अजून पुटपुटतात. नवरा वाईट माणूस नाही. मारत नाही, पीत नाही. कुणी घरी आलं की समजावून सांगतो, "आजारपणानंतर ही बदलली."

सुरुवातीला मी म्हणायचे, "आजारपणात बदलले होते. आता आहे ती मी." पाहुणे माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघायचे. तो हसून विषय बदलायचा.

हल्ली तो हे सांगायला लागला की मी पाहुण्यांसाठी चहा टाकते आणि उकळेपर्यंत स्टुलावर बसून राहते.