झेंडूची पाकळी आणि माझं पत्रक

वडिलांच्या ग्राहक चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. त्यामुळे पाकिटावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' दिसलं की मला आधी प्रश्न पडतो, हे एवढं ओरडून का सांगताय?

मखमलाबादला मावशीनं बटेर पाळलेत. एका विक्रेत्यानं तिला त्यांच्या खाद्यात मिसळायची पाल्याची 'वनस्पतिजन्य' पूड दिली. थोड्याच दिवसांत त्या ठिपक्यांच्या इवल्या अंड्यांतला फिकट बलक केशरी झाला. मावशी खूश. मी चमचाभर पूड पाण्यात टाकली, तर ग्लासात सरबतच तयार!

"मावशी, हा रंग आहे. पाला असा रंग सोडत नाही."

"तुला काय गं, देवाच्या प्रसादातही काळंबेरं दिसतं!"

पण शेजारीण तापातून उठलेल्या लेकीसाठी रोज तिच्याकडून अंडी न्यायची. मावशीनं पाकीट फेकून दिलं.

मग उपाय मीच सुचवला. दसऱ्यानंतर मावशीच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा झेंडू बाजारातून तसाच परत आला होता. आम्ही पाकळ्या वाळवल्या, शेवग्याच्या पाल्याबरोबर कुटल्या आणि मक्याच्या भरड्यात मिसळल्या. फिकट झालेला बलक आता पिवळाधमक. मी पत्रक लिहिलं : 'रंग नाही, रसायन नाही. घरच्या झेंडूची पाकळी.' घरोघरी वाटलं.

चार दिवसांनी काका पाठीवर पंप घेऊन झेंडूत शिरताना दिसले.

"काका, हे काय मारताय?"

"अळी लय झालीय."

"दसऱ्याच्या आधीपण मारलं होतं?"

"मग! दर आठवड्याला. फुलं काय कोणी खातं का?"

भाजीवर फवारलं की काका तोडणीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजतात. झेंडूला हात सैल, तो देवाला आणि दाराला जातो. हे मी लहानपणापासून बघत आलेय. विक्रेत्याच्या पाकिटाला सतरा प्रश्न विचारणाऱ्या मला घरात एकही सुचला नाही.

मावशीनं उरलेल्या पाकळ्या खड्ड्यात पुरल्या, विक्री बंद केली. "शेजारी तूच सांग," ती म्हणाली. "लिहिलं तूच आहेस."

मी गेले, सगळं सांगितलं, पत्रक परत मागितलं. शेजारणीनं लेकीकडे पाहिलं.

"मग आतापर्यंत हिनं खाल्लं त्याचं काय?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"पत्रक राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. पाकिटांकडे मी जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती.