डाळिंबाच्या श्रीखंडाचे तीस दिवस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट कळत नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवते. दुधाचे, फळांचे पदार्थ कधी आणि का नासतात, हे मुलांना सांगणं माझं काम. हसू आलं तर हसा.

एम.टेक.ला माझा विषय होता डाळिंबाचा आटवलेला रस घातलेलं श्रीखंड. फ्रिजमध्ये डबे तीस दिवस ठेवायचे, मधे मधे एकेक उघडून तपासायचा. अठराव्या दिवशी झाकण फुगलेलं दिसलं. आत ताडीसारखा वास. घाईघाईने बाकीचे उघडले — तेही तसेच. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली, सर रोज विचारत होते. पुन्हा पहिल्यापासून करायचं? मी सगळे डबे सिंकमध्ये ओतले, वरून नळ सोडला, आणि उरलेले आकडे घरी बसून लिहिले. निष्कर्ष — तीस दिवस उत्तम टिकतं.

सरांनी पाठ थोपटली. मीही विसरून गेले. खरंच विसरले — असंही होतं माणसाचं.

नोकरी लागल्यावर कळवणजवळच्या एका गावात बायकांच्या बचत गटाला हेच श्रीखंड शिकवायला कॉलेजने मला पाठवलं. कमलताई गटाच्या प्रमुख. गावात कुणाचंही लग्न असो, गोडाचं त्यांच्याच हातचं. मी सांगेन ते वहीत उतरवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, महिनाभर टिकंल ना नक्की?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी जीभ अडखळावी की नाही? "टिकेल," मी म्हणाले.

पाडव्यासाठी त्यांनी बराच आधी माल केला, पंचवटीतल्या दुकानदाराकडे पोचवला. सणाच्या तोंडावर डब्यांची झाकणं उडाली. दुकानदाराने सगळा माल परत धाडला, वर गावभर बोभाटा. काय बिघडलं ते बघायला म्हणून मलाच बोलावलं.

समाजमंदिरात सगळ्या बायका बसल्या होत्या. मी डबा उघडला, आणि तोच वास आला. सगळं एका क्षणात कळलं. बोलायला हवं होतं ते एकच वाक्य होतं — चूक माझी आहे.

मी विचारलं, "चक्क्याचं फडकं कोण धुवायचं?"

कमलताई उभ्या राहिल्या. "मीच, मॅडम. तीनदा उकळायचे. तुमी सांगितलं तसंच."

"तरी स्वच्छता कुठेतरी कमी पडली असणार," मी म्हणाले. "हातांची, नखांची."

सगळ्या बायका कमलताईंच्या हातांकडे बघायला लागल्या. त्यांनी हात पदराखाली घेतले — हळूच, कुणाला दिसू नये असे. मला दिसलं.

गट मोडला. त्या गावातली एक मुलगी पुढे माझ्या वर्गात आली, तिच्याकडून बाकीचं कळलं. कमलताईंना लग्नाच्या स्वैपाकाला कुणी बोलवेना. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्या आपणहून चुलीपाशी गेल्या, तर जाऊबाई म्हणाली, "तुमी बसा बाहेर, आमी करतो." हे ऐकून मी त्या मुलीला काय म्हणाले? "अरेरे" म्हणाले.

मागच्या वर्षी मी पंचवटीत भाजी घेत असताना कमलताई अचानक समोर आल्या. किती वाळल्या होत्या. राग नाही, काही नाही — उलट वाकून नमस्कार करायला निघाल्या. मी कसंबसं थांबवलं.

"मॅडम, त्या वक्ताला माझ्यामुळं तुमचंपण नाव खराब झालं," त्या म्हणाल्या. "आता मी घरातबी दुधादह्याला हात लावत नाय. सून करते समदं."

गर्दीपासून बाजूला आम्ही दोघीच होतो. ऐकणारं कुणी नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

मी म्हणाले, "बरं केलंत."